पूर्णविराम चालू लागला!

बालमित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर काळा ठिपका दिसला की तुम्ही काय करता? बोटाने पुसता ना? पण तो ठिपका चालू लागला तर?

आमच्या परळच्या शाळेत अगदी अस्संच झालं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन झालं होतं. पाट्यांबरोबर वर्गातल्या एकुलत्या एक संगणकालाही हळदकुंकू आणि दादरच्या फूलबाजारातल्या झेंडूची माळ! सुट्टीनंतर शाळा भरली, आणि एकजण ओरडला, "बाई, पूर्णविराम पळतोय!"

कुणी म्हणालं धूळ, कुणी म्हणालं व्हायरस. मी माऊसचा बाण तिथे नेला. बाण पुढून गेला, ठिपका मागेच राहिला. पुसूनही जाईना. म्हणजे स्वारी काचेच्या आत होती! "चिरडू का, बाई?" एक बोट पुढे आलंच. मी ते पटकन धरलं.

का बरं? चपट्या मॉनिटरमध्ये एकामागे एक थर असतात. पुढे चित्र उमटवणारा थर, त्याच्यामागे प्रकाश सारखा पसरवणारे पातळ पापुद्रे. आतली उष्णता बाहेर जावी म्हणून पाठीमागे फटी ठेवलेल्या असतात. एक-दीड मिलिमीटरचा कीटक उजेडाच्या ओढीने त्या फटींतून थेट पापुद्र्यांमध्ये शिरतो. तिथे तो चिरडला, की जीव जातो आणि डाग मात्र कायमचा राहतो. मॉनिटर उघडल्याशिवाय तो निघत नाही.

मग आम्ही मॉनिटर बंद केला, खिडक्या लावल्या आणि मॉनिटरच्या पाठीशी टेबललॅम्प लावून खाली पांढरा कागद ठेवला. आत अंधार, बाहेर उजेड! आता वाट पाहायची. चौथीच्या मुलांना गप्प बसून वाट पाहायला लावणं किती कठीण, ते तुम्हीच जाणता! पण त्या दिवशी मधल्या सुट्टीतही कुणी जागचं हललं नाही. शेवटी कागदावर एक बारीक रेघ सरकली. भिंगातून पाहिलं, तर पंखांना चक्क केसांची झालर! तो होता फुलकिडा. कांद्या-मिरचीवरचा हा किडा झेंडूतही राहतो. युरोपात तर उन्हाळ्यात हेच किडे मॉनिटरमध्ये शिरतात.

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क टू' या संगणकाच्या ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला आणि 'बग' खरोखर सापडल्याची गमतीदार नोंद केली. यंत्रातल्या बिघाडाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याआधीपासूनच होती. त्या दिवशी मात्र खराखुरा किडाच सापडला! ती वही आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

तेव्हा दोस्तांनो, पडद्यावरचा ठिपका मुळीच हलत नसेल, तर तो बिघडलेला पिक्सेल असू शकतो. चालत असेल, तर बोट आवरा आणि पडदा बंद करा. आणि हो, झेंडूचं एक फूल पांढऱ्या कागदावर हलकेच झटकून भिंगातून पाहा. कोण कोण चालतंय, ते वहीत लिहून ठेवा!