वारा पडल्यावरची नदी

चंद्रपूर-गडचिरोली म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो, नाहीतर वर्तमानपत्रातल्या चकमकी. पाणी कुणाला आठवत नाही. खरं तर २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन जिल्हे झाले, तेव्हा मधली हद्द लांबवर वैनगंगेनेच आखून दिली. अलीकडे सावली, पोंभुर्णा, गोंडपिपरी. पलीकडे आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. मार्कंड्याला नदी चक्क उत्तरेकडे वळते. चपराळ्याच्या जंगलाजवळ तिला वर्धा येऊन मिळते आणि तिथून पुढे तिचं नाव प्राणहिता. प्राणहिता ११३ किलोमीटर वाहते आणि सिरोंच्याशी गोदावरीत जाते. त्याच्या खाली सोमनूरला बस्तरकडून आलेली इंद्रावती गोदावरीला भेटते. एवढं पाणी दाराशी असून आमच्याकडच्या कितीतरी घरांत पोहणारं एकही माणूस नसतं.

मी रत्नागिरीकडची. लग्न होऊन चंद्रपूरला आले तेव्हा उन्हाळ्याबद्दल सगळ्यांनी सांगून ठेवलं होतं, वाऱ्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर वाऱ्याला घड्याळ असतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई, दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा. अब्बांचा लहान मचवा होता. ते मतलईवर शीड उघडून बाहेर पडायचे आणि खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. इथे हिवाळ्यात सकाळी पिंपळाचं पान हलत नाही. वैशाखात वावटळी उठतात, पण त्या धूळ घेऊन येतात आणि निघून जातात. ‘इथे वाराच नाही’ ही माझी कित्येक वर्षांची तक्रार. घरातल्यांना ती पाठ झाली आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बहिणीचा मुलगा सुटीत आमच्याकडे आला. गोव्यात राहून तो विंडसर्फिंग शिकला आहे. म्हणजे पाण्यावर एक लांब फळी, तिच्यावर उभं शीड, आणि शीड दोन्ही हातांनी धरून उभा माणूस. वैनगंगेचा घाट पाहिला आणि तो म्हणाला, “खाला, एवढं सुंदर पाणी आणि एवढा मंद वारा! जुन्या लांब फळीसाठी याहून काय हवं?” ज्या गोष्टीची मी तक्रार करत आले तीच त्याला दौलत वाटत होती.

त्याने मला जे समजावलं ते मला आवडलं, म्हणून इथे सांगते. या खेळाच्या फळ्या हल्ली आखूड आणि हलक्या झाल्या आहेत. जोराचा वारा असेल तर त्या पाण्याला जेमतेम टेकून उडत जातात. वारा पडला की माणसाच्या वजनानेच पाण्याखाली जातात. जुन्या फळ्या बारा फुटांच्या, जड आणि पोटात भरपूर हवा असलेल्या. त्या वारा नसतानाही माणसाला उभं धरतात. पाण्यातून हळू जायचं असेल तर लांब, निमुळत्या वस्तूला पाणी कमी अडवतं. एकदा हलली की तिची चाल मोडत नाही. अशा फळीला सुकाणू नसतं. डोलकाठीचा पाय फळीला अशा सांध्याने जोडलेला असतो की काठी कुठल्याही बाजूला कलते. शीड पुढे झुकवलं की नाळ वाऱ्यापासून दूर वळते, मागे घेतलं की वाऱ्याकडे. फळीच्या पोटाखाली मधोमध एक उभं पातं असतं, ते तिला आडवं वाहून जाऊ देत नाही. या सगळ्यात ताकद फार लागत नाही. गालावर वाऱ्याची कुठली झुळूक लागली ते ओळखायचं आणि तेवढ्यावर काम भागवायचं.

हे ऐकताना अब्बा डोळ्यांसमोर आले. वारा पडला की मचव्यावरची तरणी पोरं वैतागायची, अब्बा मात्र बिडी विझवून पाण्याकडे बघत बसायचे. दूरवर पाण्यावर काळसर सुरकुती उठली की म्हणायचे, “आला.” ती सुरकुती आमच्यापर्यंत यायला चांगला वेळ लागायचा, पण यायची.

खेळाचा इतिहासही फार जुना नाही. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या न्यूमन डार्बी यांनी पतंगासारखं शीड लावलेल्या फळीचा आराखडा १९६५ साली ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात छापला. कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी कलत्या डोलकाठीच्या फळीच्या पेटंटसाठी १९६८ साली अर्ज केला. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला. आणि आपल्या वाचकांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे चीनमधल्या हांगझोऊ एशियाडमध्ये, सप्टेंबर २०२३मध्ये, पुरुषांच्या आरएस:एक्स विंडसर्फिंगमध्ये भारताच्या ईबाद अलीने कांस्यपदक मिळवलं. त्या दिवशी आपल्याकडे किती घरांत त्याचं नाव घेतलं गेलं असेल? आमच्या घरात तरी नाही. क्रिकेट चालू होतं.

चंद्रपुरात अशी फळी कुठून आणणार? पण घाटावर डोंगा होता. डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरून काढलेली नाव: लांब, चिंचोळी, दोन्ही टोकांना निमुळती, बुडाला गोल. ढिवर समाजाची माणसं त्याच्यावरून जाळी टाकतात. चार बोटं पाण्यातही तो जातो. वल्ह्यापेक्षा बांबूचा जास्त उपयोग. बांबू तळाला टेकवायचा, ढकलायचं आणि उभं राहायचं. भाचा त्याच्याकडे एकटक पाहत राहिला. मग म्हणाला, “ही तर आमचीच फळी. हिला आतून पोकळ केलंय एवढंच.”

डोंगेवाले काका साठीच्या पुढचे. आम्ही आठ-दहा दिवस जात राहिलो तेव्हा कुठे ते मोकळे झाले. पहिल्या दिवशी भाचा मोठ्या ऐटीत डोंग्यात उभा राहिला आणि तिसऱ्या ढकलीला पाण्यात. पाणी कमरेएवढं होतं. काका हसले नाहीत. म्हणाले, “उभं राहाचं असन तं पाय फाकवून राहा जी. पानी पाहू नोका. पलीकडचा झाड पाहा.” भाचा ओला उभा राहून माझ्याकडे बघत होता. गोव्यात त्याला शिकवणाऱ्यांनी पहिल्या धड्यात नेमकं हेच सांगितलं होतं म्हणे: पायाकडे नको, जायचं आहे तिकडे बघ.

एका दुपारी त्याने माझी जुनी चादर मागून घेतली. दोन बांबूंना बांधली, काकांच्या परवानगीने डोंग्यात उभी केली. वारा होता तो एवढाच की चुलीचा धूर तिरका व्हावा. चादर फुगली. डोंगा आपणहून निघाला, कुणी न ढकलता, वल्ह्याचा आवाज न करता. बुडाखालून पाण्याची कुजबुज तेवढी ऐकू येत होती. मी, माझी सोळा वर्षांची मुलगी आणि काका, तिघं खाली बसलो होतो. खंड्या आमच्या नाळेसमोरून गेला, त्याला आमची भीती वाटली नाही. वेग विचाराल तर काठावरून चालणारी शेळी आमच्या पुढे गेली. पण समुद्र सोडल्यापासून मला कुठेही असं वाटलं नव्हतं.

परतताना मात्र फजिती. डोंग्याला खाली पातं नाही, बूड गोल. वारा बाजूने आला की तो पुढे जाण्याऐवजी आडवा सरकतो. आम्ही सरळ लव्हाळ्यात घुसलो. काकांनी चादर उतरवली आणि बांबू हातात घेतला. इथल्या डोंग्यांना शीड का नसतं याचं उत्तर मिळालं.

या नद्यांना घाई चालत नाही, हे इंग्रजांनीही पैसे घालवून शिकून घेतलं. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस अडला. वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून आगबोटींनी थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा बेत झाला. त्यासाठी सिरोंच्याला अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्यालय केलं. अडचण होती तीन ठिकाणच्या खडकांची: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीजवळ प्राणहितेवर देवलमरी. खडक फोडायला आणि बाजूने कालवे काढायला घेतले. पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात वाळू, मजुरांत रोगराई. १८७१ साली सगळं सोडून दिलं. तिथल्या एका अधिकाऱ्याचं नाव ग्लासफोर्डपेठा या गावाच्या रूपाने आजही सिरोंचा तालुक्यात आहे. आगबोटींचं काही उरलं नाही. डोंगे मात्र त्या खडकांच्या मधून आधीही जात होते आणि नंतरही जात राहिले.

सिरोंच्याला आम्ही शेवटच्या आठवड्यात गेलो. चंद्रपूरहून आलापल्लीमार्गे जंगलातला दिवसभराचा रस्ता, आणि रस्ता कसला, नुसता धीर धरण्याचा सराव. गावात तेलुगू जास्त ऐकू येते. वली हैदरशहा बाबांच्या दर्ग्यात तेलंगणातून आलेली कुटुंबं होती. त्यातल्या एका आजींनी सांगितलं की पूर्वी पलीकडून यायचं तर नावेनेच. त्या लग्नानंतर पहिल्यांदा आल्या त्या अशाच, बुरख्याचा घोळ मुठीत धरून. आता गोदावरीवर पूल आहे, बस थेट येते. पूल हवाच होता. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला नावेवर भरवसा ठेवायला लावणं यात काही शोभा नाही. खाली मेडिगड्डाचं धरण २०१९ साली सुरू झालं, तेव्हापासून या बाजूच्या शेतात पाणी चढल्याच्या तक्रारी आहेत. ऑक्टोबर २०२३मध्ये त्या धरणाचे खांबच खचले. वर भंडाऱ्याकडे गोसीखुर्द आहे. तिथे दरवाजे उघडले की वैनगंगा चढते. डोंगेवाले काका आता आभाळाकडे पाहून निघत नाहीत, मोबाइलवर मेसेज आला का ते आधी बघतात.

त्यांचा डोंगा त्यांच्या वडिलांच्या वेळचा. एवढ्या घेराचं खोड आता मिळत नाही, आणि मिळालं तरी तोडता येत नाही, जे योग्यच आहे. मुलगा हैदराबादला बांधकामावर आहे. कुठल्या महिन्यात वाळू कुठे सरकते, कुठल्या डोहाचा तळ ओढून घेतो, हे सगळं काकांच्या पायांना आणि बांबूला माहीत आहे. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मुलीची गोष्ट राहिली. चादरीच्या त्या फेरीनंतर तिने विचारलं, “मला शिकता येईल?” सासूबाईंनी आधी कपड्यांची काळजी काढली. भाच्याने फोनवर फोटो दाखवले: मनगटापासून घोट्यापर्यंत अंगभर सूट, वर जॅकेट. ऊन आणि थंडीपासून बचाव म्हणून मुलं-मुली सगळेच तो घालतात. सासूबाई बराच वेळ फोटो पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “आधी पोहायला तर शिकव तिला.” मला वाटतं ही आमच्या घरातली या वर्षातली सगळ्यात शहाणी सूचना. भाच्याचं म्हणणं असं की मंद वाऱ्यात मुली लवकर शिकतात, कारण त्या शिडाशी कुस्ती खेळत नाहीत. आता आठवड्यातून तीन दिवस ती तलावावर जाते. मीही जाते. कोकणातली असून मला पोहता येत होतं ते जेमतेम. मुलींना पाण्यात कोण सोडत होतं?

भाच्याने दोन लाइफ जॅकेट आणली होती. त्यांच्याशिवाय तो कुणाला डोंग्यात चढू देत नव्हता, आणि काकांना ते आधी थट्टेचं वाटलं. मग एके दिवशी ते स्वतःच गणपूरचं बोलले. २०२४च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मजूर बायका मिरची तोडायला पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात, निघाल्या होत्या. नाव उलटली. काही बायका परत आल्याच नाहीत. थंडीचे दिवस, वादळ नाही, पूर नाही. आम्ही जिथे मजेत तरंगत होतो तीच नदी, तेच दिवस. फरक एवढा की आम्ही काठाजवळच्या कमरेएवढ्या पाण्यात, अंगात जॅकेट घालून, हौसेसाठी होतो. त्यांना मजुरी गाठायची होती आणि पुलाचा वळसा लांबचा होता.

जाताना भाच्याने दोन्ही जॅकेट काकांकडे ठेवली. काकांनी ती डोंग्यात मागच्या टोकाला खुंटीला टांगली आहेत. मिरचीच्या हंगामात त्यांच्या एका खेपेला सात-आठ बायका असतात.