नळे परतायचे दिवस

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक नोटीस बोर्ड आहे. त्याच्या काचेला आतून बुरशी धरली आहे आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे असते. गेली सहा वर्षे मी सोसायटीचा मानद सचिव आहे. मानद म्हणजे पगार नाही, शिव्या मात्र नियमित. सरकारी कारकून म्हणजे याला पत्रे लिहिता येतात, एवढ्या पात्रतेवर एका रविवारी सर्वांनी मिळून मला त्या खुर्चीत बसवले आणि चहा पिऊन निघून गेले.

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की" अशी सुरुवात असलेल्या किती सूचना मी तिथे डकवल्या त्याची गणती नाही. टाकी धुणार म्हणून पाणी नाही. पंप जळला. गच्चीवर सुके नुस्ते वाळत घालू नये. मेंटेनन्स थकलेल्यांची यादी (ही लावली की दोन दिवस जिन्यात कोणी माझ्याशी बोलत नाही). नोकरीतली भाषा घरी आली की ती घरच्यांनाही आवडत नाही आणि शेजाऱ्यांनाही. असो.

इमारत करंझाळ्याला, समुद्रापासून पाच मिनिटांच्या चालीवर. १९९४ सालचे बांधकाम. चोवीस फ्लॅट, त्यातले दहा वर्षभर कुलूपबंद. मालक मुंबईला, दिल्लीला, एक कुवेतला, एक लिस्बनला. डिसेंबरात ही मंडळी येतात, दहा दिवस एसी घुमतात, बाल्कनीत टॉवेल दिसतात, आणि जानेवारीत पुन्हा कुलूप. त्यांना समुद्र दिसतो तो बाल्कनीतून. आम्हा बाराही महिने राहणाऱ्यांना तो फ्रीजच्या पाठीवर दिसतो, खिडकीच्या ग्रीलवर दिसतो, स्कूटरच्या सायलेन्सरवर दिसतो. खारे वारे सगळ्या लोखंडाला हळूहळू खात असतात. ते भिंतीच्या आतलेही लोखंड खातात, हे मात्र मला गेल्या मार्चपर्यंत माहीत नव्हते.

मार्चमधल्या एका दुपारी खालच्या पार्किंगच्या छताचा एक तुकडा निखळून एका स्कूटरच्या सीटवर पडला. दोनेक किलोचा असेल. ज्याची स्कूटर तो दहा मिनिटांपूर्वीच जेवायला वर गेला होता. सीट फाटली, एवढ्यावर निभावले.

मग एका इंजिनियरला बोलावले. त्याने काय केले, तर एक छोटी हातोडी घेतली आणि वैद्याने पोटावर बोटे मारावीत तशी खांबांवर मारत फिरला. चांगल्या ठिकाणी टणक आवाज येई, बिघडलेल्या ठिकाणी बद्द. सात खांब बद्द निघाले. त्याने समजावून सांगितले ते असे: हवेतले मीठ काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत जाते आणि सळीपर्यंत पोचते. सळी गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे तो आतून ढकलतो, प्लास्टर फुगते, चिरते, पडते. चीर पडली की मीठ आणि पाणी आणखी सहज आत जाते. भारतीय मानकात (आयएस ४५६, सन २००० ची आवृत्ती) समुद्राच्या हवेत उघड्या असलेल्या बांधकामात सळीवर ४५ मिलिमीटर काँक्रीट असावे असे म्हटले आहे. आमच्या खांबांवर त्याने मोजले तर काही ठिकाणी वीससुद्धा नव्हते. तीस वर्षांपूर्वीच्या बिल्डरला आता कुठे शोधणार? २०१६ च्या रेरा कायद्यात बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा अशी तरतूद आहे, पण आमची पाच वर्षे तो कायदा यायच्या खूप आधीच संपली होती.

अंदाजपत्रक बावीस लाखांचे आले. म्हणजे फ्लॅटमागे नव्वद हजारांच्या वर.

एप्रिलात सभा बोलावली. चौदा जण आले, दोघे फोनवर. वरच्या मजल्यावाला म्हणाला, पार्किंगचे खांब माझे नाहीत, माझ्याकडे गाडीच नाही. खालचा म्हणाला, गच्ची गळते ती वरच्याने बघावी. दिल्लीचे गृहस्थ फोनवरून अत्यंत सौम्यपणे म्हणाले की वर्षातले दहा दिवस इमारत वापरणाऱ्याने तीनशे पासष्ट दिवसांचे पैसे का द्यावेत. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. उत्तर रात्री सुचले, जसे ते नेहमी सुचते.

माझे वडील चोडणचे. तिकडे खाजन शेती. नदीचे खारे पाणी बांधाने अडवायचे, मानशीतून भरती-ओहोटीप्रमाणे सोडायचे-धरायचे. बांध सगळ्यांचा. पूर्वी कोमुनिदाद तो सांभाळी. १९७६ च्या कूळ कायद्याच्या दुरुस्तीनंतर जमीन कसणाऱ्याची झाली आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघाकडे आली. पुढे मुले नोकऱ्यांना गेली, शेते पडीक राहिली. ज्याचे शेत पडीक त्याला बांधाशी काय देणेघेणे? पण बांधाला भगदाड पडले की खारे पाणी कोणाचे शेत कसलेले आणि कोणाचे पडीक ते विचारत नाही. दिल्लीकरांना हे सांगायचे राहून गेले.

सभेत मी अमेरिकेतली एक गोष्ट मात्र सांगितली होती. फ्लोरिडात मायामीजवळ सर्फसाइड नावाच्या गावी अगदी समुद्रकाठी शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली इमारत होती, १९८१ ची, १३६ फ्लॅटची. २०१८ मध्ये इंजिनियरने अहवाल दिला की पोहण्याच्या तलावाशेजारच्या स्लॅबवर पाणी साचून राहते, खाली काँक्रीट खराब होत आहे. खर्च मोठा. सभा झाल्या, भांडणे झाली, समितीतल्या काहींनी राजीनामे दिले. एप्रिल २०२१ मध्ये समितीच्या अध्यक्षांनी सभासदांना पत्र लिहिले की नुकसान वाढत चालले आहे. एकूण वर्गणी दीड कोटी डॉलरची, लहानात लहान फ्लॅटच्या वाट्याला सुमारे ऐंशी हजार डॉलर. २४ जून २०२१ च्या रात्री दीडच्या सुमारास अर्धी इमारत काही सेकंदांत बसली. ९८ माणसे गेली. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने कायदा करून तीन किंवा त्याहून अधिक मजल्यांच्या जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची केली आणि दुरुस्तीचा राखीव निधी सभासदांनी मतदानाने टाळण्यावर बंधन आणले.

मला त्या कथेतले ते पत्र सारखे आठवते. त्या अध्यक्षा म्हणजे तिथला मीच की.

"ते अमेरिकेत," कोणीतरी म्हणाले. मग दुसऱ्या कोणी काणकोणची आठवण काढली. ४ जानेवारी २०१४ ला चावडीवरची इमारत कोसळून ३१ कामगार मेले होते. ती बांधकाम चालू असलेली इमारत, तिची कारणे वेगळी. पण खोली शांत झाली एवढे खरे. विषय पुढच्या सभेवर ढकलला.

त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. मामा रामनगरला असतात, जोयडा तालुक्यात. मे महिना, नळे परतायचे दिवस. "यंदा येऊन जा रे," म्हणाले, "तुझ्याशी एक बोलायचे आहे."

शनिवारी पहाटे निघालो. फोंडा, मोले, मग अनमोडचा घाट. घाट चढला की हवा बदलते, खारटपणा जातो. रामनगर हे गाव मुळात विस्थापितांचे. काळी नदीवर गणेशगुडीला सुपा धरण झाले, १०१ मीटर उंच, आणि जुने सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलले, तालुक्याचे नावही बदलले, आणि सुप्याची बरीच घरे रामनगरला आली. आईचे माहेर त्यातलेच. आजोबांनी सुप्याच्या घराचे दार, दोन खांब आणि नळे ट्रकात घालून आणले. नळे आणताना किती फुटले याची गोष्ट आई अजून सांगते. उरलेले आजही मामांच्या छपरावर आहेत.

मी पोचलो तेव्हा दोन गडी छपरावर होते. लहानपणी हे काम गावकीचे असे, घरटी एक माणूस, दुपारी सगळ्यांना पेज. आता दोन गडी रोजावर. एकेक नळा काढायचा, पाने-माती झाडायची, फुटका बाजूला, चांगला पुन्हा जागेवर. काढलेल्या पट्ट्यातून घरात ऊन येते आणि वासे-रिपा उघड्या दिसतात. एका वाशाला वाळवी लागलेली निघाली. मामा खालून बोट दाखवत होते, गडी वरून काठीने ठोकत होता. टक, टक, बद्द. मी हसलो. मामांना कळले नाही का.

जेवण झाल्यावर मामांनी विषय काढला. "स्लॅब घालून टाकावा म्हणतो. माकडे नळे फोडतात. असे नळे आता मिळत नाहीत. लाकूड आणायचे तर जंगल खात्याचे शंभर कागद. माझे गुडघे गेले, आणि तुझे मामेभाऊ दोघे वेर्ण्याला नोकरीला, मेमध्ये त्यांना रजा नाही. एकदा स्लॅब घातला की सुटलो. तू सोसायटीवाला, तुला कळते. काय सांगतोस?"

एकेक कारण खरे होते. नळ्यांची थोरवी गाणारा मी कोण? मी स्वतः स्लॅबाखाली राहतो. मी एवढेच सांगितले, "घाला मामा. पण उतार नीट ठेवा, पाणी साचू देऊ नका. इथे खारे वारे नाहीत, पण पाऊस आहेच. दर उन्हाळ्यात कोणाला तरी वर चढवून चिरा बघायला लावा."

मामा थोडा वेळ गप्प बसले. "म्हणजे दरवर्षी वर चढायचेच?"

"चढायचेच."

"मग नळ्यांत आणि त्यात फरक काय रे?"

फरक असा की नळे न परतता राहिले तर पहिल्या पावसातच थेंब अंथरुणावर पडतो आणि घरधनी उठून बसतो. स्लॅब तीस वर्षे काही बोलत नाही. हे मी मामांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि गड्यांना चहा द्यायला आत सांगितले.

परत आल्यावर मी नोटीस लिहिली. या वेळी "कळविण्यात येते की" टाळले. सातही खांबांचे फोटो काढून लावले, खाली लिहिले की हे कोणत्या फ्लॅटखाली येतात ते मोजून बघा. तेच फोटो कुलूपबंद दहा जणांना मोबाइलवर पाठवले. लिस्बनच्या बाईंचे पैसे दुसऱ्या दिवशी आले. आतापर्यंत चोवीसांपैकी सतरा जणांनी पहिला हप्ता भरला आहे. दिल्लीकरांनी इंजिनियरच्या अहवालाची प्रत मागितली, ती पाठवली.

काम मात्र पावसाआधी सुरू करता आले नाही. इंजिनियरने सांगितल्याप्रमाणे सातही खांबांना लोखंडी टेकू दिले आहेत आणि त्या भागात गाड्या लावायला मनाई केली आहे. गच्चीवर निळी ताडपत्री घातली आहे, ती वाऱ्याने रात्रभर फडफडते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तक्रार केली आहे की झोप लागत नाही.

काल मामांचा फोन आला. यंदा वासा बदलून नळेच ठेवले आहेत, स्लॅबचे पुढच्या वर्षी बघू म्हणाले. "तुझ्या खांबांचे काय झाले?"

"चतुर्थीनंतर," मी म्हटले.