खुद्रीचे माहेर

गळ टाकून बसणे म्हणजे आळसाला दिलेले गोंडस नाव, असे आमचे पुणेरी स्नेही समजतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मात्र वसंत लागला की पट्टेदार बास नावाचा मासा अंडी घालण्यास समुद्रातून नदीत चढतो, आणि शहाणीसुरती माणसे गळ घेऊन त्याची वाट पाहतात. आम्हांस समुद्र दूर. परंतु नदी चढणारा मासा आमच्याही वाट्यास आला होता. तो महसीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली मुळामुठेच्या या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्यास इथल्याच बोलीतले नाव दिले : खुद्री. जगातील मत्स्यशास्त्रज्ञ आजही तिला 'टॉर खुद्री' म्हणतात.

खुद्रीला हवे स्वच्छ, वाहते पाणी आणि पावसाळ्यात वर चढण्यास मोकळी वाट. १८७९ साली खडकवासल्याचे धरण झाले, पुढे पानशेत व वरसगाव झाली. वाट अडली, आणि खाली नदीत मैला वाहू लागला. दोष कोणास द्यावा? त्याच धरणांच्या पाण्यावर आमची चूल चालते. लोणावळ्याजवळ वळवणला १९७०च्या दशकापासून खुद्रीची पैदास होते. तिथली पिले दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली.

फाल्गुनात मुळामुठेत आमच्या गळास लागते ती बहुधा चिलापी, मूळची आफ्रिकेची. माहेरचे नाव लावणारी लेक परमुलखात नांदते आहे; तिला चार दिवस बोलवावे, तर माहेरी पाणी द्यायची सोय नाही.