कन्नडचा घाट, सायकलवरून

चाळीसगावहून दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात सातमाळ्याची रांग समोर आडवी येते. धुळे-सोलापूर महामार्ग हीच रांग चढून मराठवाड्यात शिरतो. कागदोपत्री हा औट्रम घाट, बोलताना कन्नडचा घाट. खानदेशातल्या सायकलवाल्याला चढांची वाण नाही: धुळ्याजवळ लळिंग, जळगावकडून फर्दापूर-अजिंठा, शिरपूरच्या पुढे सातपुड्यातला बिजासन. माझ्या लेखी पहिला मान कन्नडचा.

*

नाव जेम्स औट्रमचं. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारायला आलेला हा इंग्रज अधिकारी. धरणगाव हे त्याचं ठाणं. आसपासच्या जंगलाला १९८६ मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा दर्जा मिळाला.

*

चाळीसगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर, कन्नड सव्वासहाशेच्या आसपास. सायकल धरून ८५ किलो वजन ३०० मीटर वर न्यायला सुमारे २५० किलोज्यूल काम पडतं. शरीर जेवढं जाळतं त्याचा जेमतेम चौथा हिस्सा पेडलवर पोचतो, बाकी सगळी उष्णता. सपाटीवर ती वाऱ्याने निघून जाते. चढावर वेग ताशी आठ-नऊ किलोमीटरवर आला की वारा लागेनासा होतो आणि घाम नाकाच्या शेंड्यावरून टपटप हँडलवर पडतो. पारा ४४ वर जाणाऱ्या आमच्या मुलखात एप्रिल-मे महिन्यांत हा घाट पहाटेच चढावा. हिवाळा मात्र खरा हंगाम. चढाची बाजू उत्तरेकडे तोंड करून असल्याने डोंगराची सावली सकाळी बराच वेळ रस्त्यावर राहते.

आदल्या रात्री कळण्याची भाकरी आणि ठेचा. याला पर्याय मला सापडलेला नाही.

*

पायथ्याशी, मुख्य रस्ता सोडून आत पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख इथलाच. तो भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्यांनी आपोआप फिरणाऱ्या चाकाची कल्पना मांडली आहे: पोकळ आऱ्यांत पारा भरायचा आणि त्याच्या वजनाने चाक फिरत ठेवायचं. बाराव्या शतकात एवढ्या बारकाईने चाकाचा विचार करणाऱ्या माणसाचं नाव ज्या मातीशी जोडलेलं आहे, तिथून चढाला लागताना मला अभिमान वाटतो.

*

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. फ्रान्समध्ये आल्प द्युएझची एकवीस वळणं जगभरचे लोक मोजत चढतात. आपल्या घाटाची वळणं मोजायला कुणी येत नाही. यायला हवं.

*

मधल्या एका वळणावर दगडी कठड्याला टेकून पाणी पीत होतो. दुचाकीवरचे एक बाबा थांबले. “कोठे चालना भाऊ?” वर, म्हटलं. त्यांनी पिशवीतून दोन सीताफळं काढून हातावर ठेवली आणि निघून गेले. एक डोळा उघडलेलं, पिकलेलं. दुसरं अजून घट्ट. पिकलेलं तिथंच संपवलं.

*

माथा म्हणजे पाणलोटाची कड. उत्तरेला पडलेला थेंब तितूर-गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातो; दक्षिणेचा शिवनेतून गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराला. मोटारीतून हे कळत नाही. सायकलवर पायांना कळतं: चेन सैल पडते, श्वास जागेवर येतो, पठार सुरू.

*

ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस एका रात्रीच्या पावसाने इथे दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला, खाली चाळीसगावात पूर आला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जड वाहनांना घाटबंदी केली. ट्रकांच्या रांगा, धूर आणि मागून येणारा हॉर्न यांमुळे पूर्वी सायकलवाला कठड्याला चिकटून चढायचा.

बोगद्याची मागणी जुनी आहे, आणि तो व्हायलाच हवा. पण तो झाला म्हणून घाटरस्ता वाऱ्यावर सोडू नये. दरवर्षी पावसाआधी गटारं उपसावीत, वळणांवरची बारीक खडी झाडावी, सुटलेले दगड उतरवून घ्यावेत. उतरताना चढाची बरीचशी कमाई ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. त्या वेळी वळणावर पसाभर खडीसुद्धा माणसाला आडवं करते.