मुदत ठेव

अळूच्या कुळात जन्म घेऊनही फदफदे व्हायला साफ नकार देणारे एक झाड आहे. त्याचे नाव कॅलेडियम. याची पाने गुलाबी-पांढरी, नटूनथटून बसलेली. पण खायला गेलात तर तोंड आणि घसा दोन्ही पेटतात. मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतले, सावलीत वाढलेले. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाममात्र, त्यामुळे कडक ऊन लागले की तो भाग आधी करपतो.

आमचे कॅलेडियम मे महिन्यात रंगाऱ्याने ‘जरा हवा लागू दे’ म्हणून परस्पर गच्चीत नेऊन ठेवले. हवा लागली. दोन दिवसांत पानांचे भाजलेले पापड झाले.

हा कंद सासूबाईंनी दिलेला. सासूबाई आता नाहीत. सौ. एक शब्दही बोलली नाही. आमच्या घरात एवढी शांतता म्हणजे प्रकरण गंभीर!

सल्ले मात्र धो धो आले. तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, ‘‘भरपूर पाणी घाला.’’ समोरच्या वहिनी म्हणाल्या, ‘‘खत घाला.’’ एकाने तर ‘‘फेका हो, नर्सरीत नवं मिळतं’’ असेही सांगितले. ते सौ.ने ऐकले नाही, हे त्यांचे नशीब.

मी पडलो बी. कॉम. आधी ताळेबंद मांडला. करपलेले पान पुन्हा हिरवे होत नाही. ते बुडीत कर्ज. पण पान हे नुसते चालू खाते. खरी मुदत ठेव मातीखाली, कंदात! हलकेच माती उकरून कंद दाबून पाहिला. मऊ लागला असता तर कुजला समजायचे. चांगला टणक होता. भांडवल शाबूत!

पार वाळलेली पाने देठापासून कापली. दोन अर्धी हिरवी होती, ती ठेवली. अर्धे पानसुद्धा कंदात आपला भरणा करीतच असते. लहान खातेदाराला हाकलू नये. कुंडी अशा जागी ठेवली, की उजेड भरपूर पण ऊन नाही. पाने कमी म्हणजे पाण्याचा खपही कमी. म्हणून वरची माती सुकल्यावरच पाणी, नाहीतर कंद कुजायचा. खत नवे पान येईपर्यंत बंद. तापातून उठलेल्याला कोणी श्रीखंड-पुरी वाढत नाही.

राहिले सर्वांत अवघड काम : काहीही न करता बसणे. या कामात माझा हात कोणी धरणार नाही, असे सौ.चे जुने मत आहे. पण या वेळी तिलाही तेच करावे लागले. रोज सकाळी चहाचे आधण ठेवून ती आधी कुंडीत डोकावून यायची.

जूनअखेर, पाऊस लागल्यावर, सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले एक इवलेसे टोक मातीतून वर आले. चार दिवसांनी ते उलगडले. गुलाबी-पांढरे, अगदी पहिल्यासारखे.

‘‘आईचंच आहे हो,’’ सौ. म्हणाली.

‘व्याज जमा झालं’ असे अगदी ओठांवर आले होते. पण तिचे डोळे पाहिले आणि तो व्यवहार मी जागीच रद्द केला.