सांधलेले जाळे

आमच्या वसईच्या किनाऱ्यावर दुपारी गेले, तर होडीच्या सावलीत कुणी ना कुणी जाळे सांधीत बसलेले दिसतेच. लहानपणी मला ते काम रिकामटेकडे वाटे. समुद्रात जाणे हे खरे काम. जाळे सांधणे हा न जाण्याचा बहाणा! शेजारचे एक म्हातारबाबा तर फाटलेली जागा सांधण्याआधी सुरीने आणखी कापीत. भोक मोठे होई, कडेचे कुजके धागे जात, आणि मगच त्यांची सुई चाले. मला ते अजब वाटे. पुढे मी मास्तर झालो आणि जाळ्यांचा संबंध सुटला.

तीन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, माझा धाकटा मुलगा तापाने गेला. त्याविषयी अधिक लिहिणार नाही.

दीड वर्षाने फादर घरी आले. पलीकडच्या आळीत तसेच घडले होते. "मास्तर, तुम्ही त्याच्याकडे जाऊन या," ते म्हणाले. मला संताप आला. "ज्याची श्रद्धा धड आहे, अशा कुणाला तरी पाठवा, फादर!"

देव ज्याला काम सांगतो त्याला त्यासाठी सज्जही करतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस तशी प्रार्थनाच आहे. पण सज्ज करणे म्हणजे अंगावर काही नवे चढविणे, धैर्य, वाणी, ज्ञान, अशी माझी कल्पना. माझे तर होते तेही गेले होते.

फादर वाद घालीत बसले नाहीत. चपला घालता घालता एवढेच म्हणाले, की त्या प्रार्थनेतले मूळ ग्रीक क्रियापद आणि जब्दीचे मुलगे होडीत जाळी नीट करीत होते असे सांगताना मत्तयाने वापरलेले क्रियापद एकच आहे. मास्तराला शब्द देऊन जाणे म्हणजे त्याची झोप घेऊन जाणे.

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवल्या. आम्ही कॅथलिक, त्या प्रॉटेस्टंट. पण त्यांच्याविषयी मी वर्गात अनेकदा बोललो होतो. १८७४ साली दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. पुढे ही मुलगी भावाबरोबर अर्धपोटी, पायी देश हिंडली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या निराधार मुली घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. आईने शिकविलेले संस्कृतही वाया गेले नाही. उतारवयात त्या हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत बसल्या. एवढ्या पंडितेने ते मुद्दाम साध्या बायाबापड्यांच्या मराठीत केले, याचे मला त्यांच्या पांडित्याहून अधिक कौतुक वाटते. १९२२ साली, मृत्यूच्या तोंडावर, ते काम पुरे झाले. एकुलती मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. हे मी वर्गात नेहमी एका वाक्यात उरकीत असे.

सकाळी गेलो. तो ओट्यावर एकटाच बसला होता. मी शेजारी बसलो. बराच वेळ कुणी बोलले नाही.

"मास्तर, रात्री झोप लागते का हो तुम्हाला?"

"पहिले वर्षभर नाही लागली."

"आणि आता?"

"आता कधी कधी लागते."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग आत वळून बायकोला म्हणाला, "मास्तर आलेत. दोन कप चहा टाक."