शुक्रवार पेठेतली अक्षरं, अँटवर्पची

अँटवर्पला जाऊन आलो म्हटलं की मंडळातल्या मैत्रिणी पहिला प्रश्न विचारतात, "हिरे घेतलेस का गं?" हिरे पाहिले, दुकानाच्या काचेतून! आम्ही गेलो होतो अक्षरं बघायला.

त्याचं असं झालं. लेकीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचा विषय निघाला. इंग्रजी मजकुरासाठी तिने कॉम्प्युटरवरची वळणदार, वेलांट्या सोडलेली अक्षरं निवडली. "आई, मराठी बाजूलाही असंच काहीतरी हवं," म्हणाली. माझ्या ट्रंकेत आजोबांनी भावाला लिहिलेलं मोडी पत्र होतं. वर एक सलग रेघ आणि तिच्याखाली हात न उचलता धावत गेलेली अक्षरं. त्यातली एक ओळ तिला इतकी आवडली की पत्रिकेच्या माथ्यावर तीच छापायचं ठरलं. मोडी तिला येत नाही, मला येत नाही, ह्यांना तर मुळीच नाही. पण दिसत होती झकास!

त्याच सुमारास ईस्टरच्या सुट्टीत लंडनहून गाडीने ब्रसेल्स आणि तिथून पाऊण तासात अँटवर्प गाठलं. तिथल्या एका चौकाचं नाव फ्रायडाखमार्क्ट, म्हणजे शुक्रवारचा बाजार. पुण्याच्या माणसाला लगेच घरी आल्यासारखं वाटतं. या चौकात प्लांतँ-मोरेतुस संग्रहालय आहे. ख्रिस्तोफ प्लांतँ हा मूळचा फ्रान्सचा बुकबाइंडर. १५५५ साली त्याने अँटवर्पमध्ये छापखाना काढला आणि १५७६ मध्ये तो या जागेत आणला. पुढे जावई यान मोरेतुस आणि त्याच्या वंशजांनी तो सांभाळला. १८७६ मध्ये त्यांनी घर आणि छापखाना शहराला विकला. साधारण १६०० च्या सुमाराची दोन छपाईयंत्रं इथे आहेत. जगात शिल्लक असलेली सर्वांत जुनी ती हीच.

वरच्या मजल्यावर खिळे ओतायची खोली आहे. पोलादाच्या कांडीवर उलटं अक्षर कोरायचं, तो ठसा तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. एवढ्या खटपटीनंतर हाती येतं एक अक्षर!

प्लांतँसाठी काम करणाऱ्या कारागिरांत रोबेर ग्रांजों हा मोठा कसबी. इटालियन लोकांच्या हस्ताक्षरावरून इटॅलिक टाइप निघाला, मग फ्रेंच हस्ताक्षराचा का नको, असं त्याच्या मनाने घेतलं. १५५७ मध्ये लियाँ शहरी त्याने तो छापून दाखवला. धावत्या हाताचं लिखाण सुट्या खिळ्यांत बसवायचं म्हणजे एकाच अक्षराची दोन-तीन रूपं, शब्दाच्या शेवटी निराळं शेपूट आणि जोडाक्षरांचे वेगळे खिळे. इरॅस्मसने मुलांना शिष्टाचार शिकवायला १५३० मध्ये लिहिलेलं पुस्तक फ्रेंचमध्ये या वळणात छापलं जाऊ लागलं. वाचता वाचता मुलांचं अक्षरही वळावं, हा हेतू. त्यावरून टाइपला नाव पडलं सिव्हिलिते, म्हणजे सभ्यपणा.

असं एक पान बघत आम्ही उभ्या होतो. शेजारी एक बेल्जियन आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. लेकीने विचारलं, "काय लिहिलंय यात?" आजी वाकल्या, चष्मा सारखा केला आणि हसल्या. "छान आहे हो, पण वाचता नाही येत!"

मुलं त्यावर वाचत होती तोवर ते अक्षर कामाचं होतं. नंतर साध्या रोमनपुढे ते मागे पडलं. १९२२ मध्ये अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटनने त्याचा नवा अवतार काढला, पण तो शोभेपुरता.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, "आई, आपल्या ओळीत काय लिहिलंय?"

रात्री हॉटेलातून पत्राचा फोटो पुण्याला मामेभावाकडे पाठवला. त्याच्या ओळखीत मोडी वाचणारे एक गृहस्थ होते. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ओळ होती, "व्याजाचे बारा रुपये देणे राहिले, सावकार रोज दारी येतो."

लग्नपत्रिकेच्या माथ्यावर! आम्ही पोट धरून हसलो. मग पुढचं वाचलं: "मुलगी झाली, उभयतां सुखरूप." ती मुलगी म्हणजे माझी आई. तिच्या जन्माची बातमी इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत पडून होती आणि मी तिच्याकडे नक्षी म्हणून बघत होते. हसू कुठल्या कुठे गेलं.

मोडीचेही खिळे पडले होते बरं का. विल्यम केरीचा मराठी कोश १८१० मध्ये सेरामपूरला मोडीतच छापला गेला. पण छापील मराठी बालबोधीत स्थिरावली. मोडी पत्रांत आणि हिशेबांत राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्याला शाळेतूनही गेली. २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडीला जागा आहे, तेव्हा कॉम्प्युटरची सबब आता चालायची नाही.

पत्रिका शेवटी बालबोधीत छापली. खाली वधूवरांची नावं मात्र लेकीने स्वतः मोडीत लिहिली, अक्षर न् अक्षर शिकून. थोडी वाकडी आली आहेत, पण तिला ती वाचता येतात. तुमच्याकडेही असं एखादं पत्र असेल तर जरूर काढा. मराठी वर्गात महिन्यातून एक तास मोडीला देता येईल का, हे मी पुढच्या सभेत विचारणार आहे. पहिली विद्यार्थिनी मीच!